मशिदीच्या बोअरसाठी लकी ड्रॉ

चहा घ्या, अन् माझी फजिती ऐकल्याबिगर उठू नका. चांगलं काम करायला गेलतो हो मी, अन् अख्ख्या धारूरभर भोंग्यावरून स्वतःलाच जुगारी म्हणवून आलो. कुणी बळजबरी केली न्हाई. माइक माझ्याच हातात होता.

ते दिवस तुमाला आठवत असतील. नव्या कंपन्या, नवे टीव्ही अन् जिकडं बघावं तिकडं लकी ड्रॉ. साबण घ्या, लकी ड्रॉ. साडी घ्या, लकी ड्रॉ. बाजारात माझं भांड्याचं दुकान, अन् शेजारच्या गाळ्यात गफूरभाई टेलर. दोघांत एक भिंत अन् दिवसातनं चार वेळा अर्धा-अर्धा चहा. मशिदीचा चंदा गफूरभाईंकडंच जमा व्हायचा. माणूसच तसा होता. उरलेलं कापड चिंधीभर असलं तरी गिऱ्हाइकाला परत करायचा.

त्या साली मशिदीचा बोअर आटला. नमाजाच्या आधी हातपाय-तोंड धुवायचं, त्याला वजू म्हणतात, तर त्या वजूला लोक घरून पाणी घेऊन यायचे. रमजान जवळ आलता. रोजाच्या दिवसांत मशिदीत पाणी न्हाई म्हंजे लईच पंचाईत. गफूरभाई नव्या बोअरसाठी पाच-पाच, दहा-दहा रुपये गोळा करत होते. तेवढ्यात त्यांना जमातीबरोबर, म्हंजे धर्माचं सांगत गावोगाव फिरणाऱ्या मंडळींबरोबर, बाहेरगावी जावं लागलं. जाताना म्हणाले, "अप्पा, दुकानाकडं लक्ष ठेवा." मी म्हटलं, बिनघोर जा.

आता माणसानं सांगितलं तेवढंच करावं की न्हाई? पण मला कुठली अक्कल? मी म्हटलं, ते यायच्या आत बोअरचा पैसा उभा करून दाखवतो. कुपनं छापली. दहा रुपयाला एक. पहिलं बक्षीस कलर टीव्ही, मग सायकल, मग कुकर. खाली ठळक अक्षरात, 'सर्व उत्पन्न मशिदीच्या बोअरसाठी. चिठ्ठी काढणार आपले गफूरभाई टेलर.' त्यांच्या नावावर लोक डोळे झाकून पैसे देतील, हा माझा हिशेब. बायको म्हणाली, त्यांना विचारलं का? मी म्हटलं, चांगल्या कामाला काय विचारायचं?

कुपनं अशी खपली म्हणता! बाजारच्या दिवशी तर वाण्या-बामणापासून धनगरवाड्यापर्यंत समद्यांनी घेतली. एकच गोष्ट जरा नवलाची होती. मशीद ज्यांची, त्यातला एक बी माणूस कुपन घेईना. अंडेवाला सलीम तर हात जोडून म्हणाला, "अप्पा, हमको नको." मला वाटलं, लाजतेत बिचारे, आपल्याच कामाचं बक्षीस आपण कसं घ्यावं म्हणून. किती मोठ्या मनाची माणसं हायत, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं बी.

शेवटची कुपनं खपवायला भोंग्याचा ऑटो लावला. ऑटोवाल्याला म्हटलं, जिथं गर्दी असंल तिथं थांब. तो शहाणा नेमका शुक्रवारी, नमाज सुटायच्या टायमाला मशिदीसमोर थांबला. अन् लागला ओरडायला, "दहा रुपयात कलर टीव्ही! चिठ्ठी काढणार आपले लाडके गफूरभाई!"

अन् आपले लाडके गफूरभाई त्याच दिवशी सकाळी जमातीहून आलते. मशिदीच्या पायरीवर चपला घालत होते.

ते संध्याकाळी माझ्याकडं आले. बसले न्हाईत. चहा बी घेतला न्हाई. मी घाबरून बक्षिसासाठी आणलेल्या टीव्हीवरचं फडकं काढून दाखवलं.

"अप्पा, माझं नाव कुणाला इचारून घातलं?"

"अवो, पुण्याचं काम हाय. पैसा तर मशिदीलाच जाणार."

"हा जुवा हाय. एकाला टीव्ही, बाकीच्यांचे दहा रुपये गेले. आमच्यात हे हराम हाय. असल्या पैशाच्या पाण्यानं वजू करून आमी नमाजाला कसं उभं राहायचं?"

"पण काम तर चांगलं हाय का न्हाई?"

"काम चांगलं हाय म्हणून तर पैसा चांगला पायजे."

मी म्हटलं, लोकांनी खुशीनं दिलेत. ते म्हणाले, "टीव्हीच्या खुशीनं दिलेत, अप्पा."

मग खरं दुखणं सांगितलं. लोक म्हणत होते, मशिदीच्या नावाखाली टेलरनं जुवा चालवला. मशिदीच्या कमिटीनं आजवरच्या चंद्याचा हिशेब मागितलता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हे ऐकून मी टीव्हीवर पुन्हा फडकं टाकलं.

तरी मी बायकोपुढं तक्रार केलीच, की एवढं केलं अन् वर मीच वाईट. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मागच्या श्रावणात मटकेवाल्यानं आपल्या महादेवाच्या प्रसादाला पैसे दिलते, ते कुणी परत फेकले?" मीच फेकलते. नंदीसमोर उभं राहून भाषण बी केलतं.

सकाळी म्हटलं, कमिटीकडं जाऊन सांगतो. गफूरभाई म्हणाले, "कमिटीनं न्हाई, गावानं ऐकलंय." मग काय, तोच ऑटो, तोच भोंगा, अन् पुढं मी. गल्लोगल्ली ओरडत गेलो, "लकी ड्रॉ रद्द झाला हो! आपापले पैसे परत न्या! गफूरभाईंचा यात काडीचा संबंध न्हाई! हा जुगार माझा एकट्याचा हाय!"

पोलीस चौकीसमोर तरी आवाज बारीक करावा की न्हाई? ते बी सुचलं न्हाई. हवालदार बाहेर आले, म्हणाले, "अप्पा, लोक लपवून खेळतेत, तुमी कशाला वरडून सांगायलात?" तिथं अर्धा तास गेला.

दुकानासमोर रांग लागली. गफूरभाई शेजारी खुर्ची टाकून बसले. मी ज्याचे त्याला दहा रुपये मोजून देऊ लागलो, तर एक धनगर आजोबा नोट घेऊन पुन्हा गफूरभाईंच्या हातात ठेवत म्हणाले, "टीव्ही नगं मला. पाण्यासाठी घ्या." गफूरभाईंनी त्यांना दोनदा इचारलं, बदल्यात काईच मिळणार न्हाई, चालंल ना? आजोबा म्हणाले, "पाण्याचं काय बदल्यात घ्यायचं?" मग मागचा, मग त्याच्या मागचा. समदेच ठेवून गेले असं न्हाई, पण लई जण ठेवून गेले. सलीमनं बी आपले दहा आणून दिले. हा पैसा चालतो, म्हणाले गफूरभाई. कमिटीची माणसं समोर उभी राहून बघत होती, त्यांनी हिशेबाचं नाव पुन्हा काढलं न्हाई. रमजानच्या आधी बोअरला पाणी लागलं.

पण तो नंतरचा भाग. त्या दिवशी रांग संपली तसा गफूरभाईंनी पहिल्यांदा चहा मागवला. अर्धा मला दिला, अन् सहज इचारलं, "गावाचे आले, अप्पा. चंद्यात तुमचे किती लिहू?"

माझ्या तोंडातून पटकन निघून गेलं, "माझे कसले? मी कुठं कुपन घेतलतं!"