वटवाघळांचा वॉचमन

एका दुर्मीळ वटवाघळाच्या वस्त्यांचा नकाशा करताना मी दर महिन्याला पावणे गावातल्या एका बंद कारखान्यात जायचो. तिथले वॉचमनकाका मूळचे खाडीकाठच्या बोनकोडे गावचे. एरवी त्यांचा आवाज खाडीपार जाईल असा, पण छताखाली लटकलेली वटवाघळं दिसली की ते कुजबुजायचे, "हलू बोला, झोपलीत ती."

एकदा मालकाने धूर करून वटवाघळं हाकलायला माणसं पाठवली. काकांनी नोकरीची पर्वा न करता मी ठेवून गेलेला कोरा सर्वेक्षण फॉर्म त्यांच्या नाकासमोर धरला. "सरकारी मोजनी चालू हाय. धूर केलात तर आत जाल."

माणसं परतली.

पुढच्या फेरीला काकांनी हे सांगितलं तेव्हा मी घाबरलो. "काका, मी सरकारी नाही हो!"

"मंग लवकर व्हा," काका म्हणाले. "मी सांगून बसलोय."