हँगरचे मिस्त्री

लोखंडी खांबावर पाना ठोकायचा, मग खांबाला कान लावायचा आणि आमच्याकडे बघून म्हणायचं, "ऐका. बोलून राह्यला."

आम्हाला काही ऐकू यायचं नाही. मिस्त्रींना यायचं. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आधी आपण त्याला हसतो, मग त्याची सवय होते.

महाराष्ट्र नुकता झाला होता. मलकापूरला कापसाच्या एका पेढीवर मी कारकून होतो. आमचं गोदाम म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं विमानांचं हँगर. शेठनी ते लिलावात घेऊन, सुटं करून, रेल्वेच्या वाघिणींतून आणलेलं. लढाईत ते उभारणाऱ्यांत मिस्त्री होते. सोडवायला आणि इथं पुन्हा उभं करायलाही तेच. तुकड्या-तुकड्यावर पांढऱ्या रंगात आकडे, सगळे जोड बोल्टांचे. विमानाचे पंख अडू नयेत म्हणून आत मधे एकही खांब नाही. त्या मोकळ्या जागेत आता गाठींच्या थप्प्या लागत, आणि एका अंगाला बाया कापूस निवडत बसत.

पुढं ट्रक थेट आत यावा म्हणून शेठनी बाजूच्या भिंतीत दार पाडायचं ठरवलं. नेमके तिथंच, दोन खांबांमध्ये, तिरपे गज होते.

"हे काऊन कापता?" मिस्त्री म्हणाले. "आत खांब नाही. वारा आला की हेच गज त्याले धरतात. हवेले वजन असते, बाबूजी."

"शेठचा हुकूम आहे."

"मंग माह्या हातून नाही होत."

दुसरा लोहार आला. कुठले गज कापायचे, त्याला खडूच्या खुणा मी करून दिल्या.

त्या दिवसापासून वारं सुटलं की मिस्त्री हातातलं काम टाकून यायचे आणि बायांवर ओरडायचे, "बाहेर व्हा! चला!" बाया हसायच्या. त्यांतली सारजा म्हणायची, "चाचा, वावटळ हाय, लढाई नाही!" पण उठायची. मिस्त्रींसाठी रोज भाकरीवर ठेचा आणणारीही तीच.

वैशाखात एका दुपारी आभाळ मातकट झालं. मिस्त्री धावत आले, हाताला धरून एकेकीला बाहेर ओढू लागले. दोघी थप्प्यांच्या मागं होत्या. त्यांना हाक ऐकू गेली नाही. मिस्त्री परत आत वळले, तोवर नव्या दाराकडची बाजू वाकली आणि छप्पर खाली बसलं.

पत्रे उचलले तेव्हा सारजाच्या मुठीत कापूस होता. मिस्त्री तिच्याजवळ बसले आणि ती मूठ सोडवत राहिले.

चौकशीला सरकारी साहेब आले.

"उभारलं कोणी?"

"म्या," मिस्त्री म्हणाले.

"गज कोणी कापले?" साहेबांनी मला विचारलं. शेठ शेजारीच उभे होते.

"मला माहीत नाही."

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. उभारणीत दोष, असा शेरा पडला. त्यानंतर गावात कोणी त्यांना विहिरीचं इंजिनसुद्धा दुरुस्तीला दिलं नाही.

महिनाभरानं मी धीर करून त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी बाहेर आली.

"मिस्त्री गेले. कुठं, ते सांगतलं नाही. तुमी पेढीवरचे बाबूजी न? जातानी मले म्हणे, बाबूजी येतीन एक दिवस. उन्हाचे येतीन, त्याइले पाणी देजा."

तिनं तांब्या पुढं केला. मला तो धरवेना.