केळीच्या बागेतली कबुली

पिकत्या केळीचा वास आला की मला अर्धापूरजवळचा एक रविवार आठवतो. आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये पाळक सांगत होते, "येशूनं तुमच्या पापाची शिक्षा आधीच स्वतःवर घेतली. आता लपवायचं कशाला?" माझे वडील उठून बाहेर पडले, तशी मीही घाबरून त्यांच्या मागे गेले. ते थेट शेजाऱ्याच्या शेतात शिरले. बांधावरून वडिलांशी भांडण झाल्यावर त्याची केळीची उभी बाग कुणीतरी कापली होती, पण वाटणीच्या जुन्या वादामुळे त्याचा संशय सख्ख्या भावावर होता आणि तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. चपला काढून वडील म्हणाले, "बाग म्या कापली. तुझ्या भावाचा दोष न्हाई." शेजाऱ्यानं विचारलं, "आज कामून सांगून राहिलास?" "देवानं मला माफ केलं हाय. आता खोट्यात राहवत न्हाई." "मग चल, भावापुढं सांग," एवढंच तो म्हणाला. भावाच्या दारात वडिलांनी सगळं पुन्हा सांगितलं. दोघे भाऊ गळ्यात पडून रडले. वडिलांना मात्र कुणी आत या म्हटलं नाही, तरी त्यांचा चेहरा शांत होता. आता मी रविवारी मुलांना शिकवते. विश्वास म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं की मला त्या दाराबाहेर उभे असलेले वडील दिसतात.