पनिनाच्या पन्नाशीचे प्रश्न

बाईमाणसाने पन्नासावा वाढदिवस करायचा असतो हे इस्रायलला बेर्शेबात आमच्या वस्तीत कुणी ऐकलेलं नव्हतं. वाढदिवस पोराटोरांचे. मोठ्या माणसांचं वय वाढतं ते काय कमी दिसतं, म्हणून त्याचा गाजावाजा करायचा? पण १९६३च्या थंडीत पनिनाने जाहीर केलं की या शनिवारी शब्बाथचा विसावा उतरला की सगळ्यांनी माझ्याकडे यायचं, सांदणं करणार आहे. आणि जेवणाआधी खेळ. प्रश्न ती विचारणार आणि सगळे प्रश्न तिच्याच आयुष्यावर.

"स्वतःचे पोवाडे स्वतःच गायचे होय गो?" मी विचारलं.

"मी कुठे गाते? तुम्हाला गायला लावते," ती म्हणाली.

आम्ही दोघी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात कामाला होतो. चादर घडी करायला दोन बायका लागतात. चार टोकं धरून लांब जायचं, मग जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, परत लांब. पनिना जवळ आली की एक वाक्य सांगायची, पुढचं वाक्य पुढच्या घडीला. तिची अख्खी जन्मकथा मी अशी चादरींमधून ऐकली आहे. बॉम्बेतलं उमरखाडीतलं घर, आत्याचा मार, शाळेत शिवणकाम शिकवायची नोकरी, इस्रायलशी लग्न. इस्रायल म्हणजे तिचा नवरा. या देशात यायच्या आधीपासून त्याचं नाव इस्रायल, त्यावरून इथल्या कारकुनांनी केलेले विनोद त्याने निमूट सोसले. तोंडातून शब्द काढायचा तर आधी बायकोकडे बघणारा माणूस.

पण खेळ हा नुसता खेळ नव्हता, हे तिने मला आदल्या बुधवारी सांगून टाकलं.

तिच्या लेकीचं, लेआचं, लग्न योरामशी ठरलं होतं. मुलगा चांगला, पाण्याचा टँकर चालवायचा, आईबाप रुमानियातून आलेले. लग्न नोंदवायला रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, ऑफिसात गेले तर योरामला दोन सवाल आणि लेआला वीस. तेव्हा आम्हा बेने इस्रायलांच्या, कोकणातून आलेल्या यहुद्यांच्या, लग्नाला तसा हुकूमच निघाला होता. आई यहुदी, आईची आई यहुदी, हे दाखवा. लेआच्या आईला, म्हणजे पनिनाला, सांगण्यात आलं की तुझ्या आईला स्वतः ओळखणारा माणूस आणून उभा कर, त्याशिवाय पुढचं पान उलटणार नाही.

आता तो कुठून आणायचा? पनिना तीन वर्षांची असताना आई गेली. बाप फौजेत होता, तिला बॉम्बेला बहिणीच्या ओटीत घालून मेसोपोटेमियाच्या लढाईवर गेला तो आलाच नाही. आत्या आईचा विषय काढू द्यायची नाही. पोर रडेल, म्हणायची. आईबद्दल पनिनाकडे एकच गोष्ट होती, तिला घरात काय म्हणून हाक मारायचे ती. तीही आत्याच्या तोंडून एकदा चुकून निसटलेली.

"त्यात काय मोठं," मी म्हटलं, "मी येते. सांगते, ओळखत होते म्हणून."

ती चादर सोडून उभी राहिली. "तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेस, रुबी. आणि शपथेवर खोटं? माझ्या पोरीचं लग्न खोट्यावर उभं करू? मग उपासाच्या दिवशी देवासमोर कुठल्या तोंडाने बसू?"

"मग वस्तीत विचार सगळ्यांना."

"विचारलं की संपलं. आपली माणसं ठाऊक नाहीत तुला? सगळे म्हणतील, ओळखत होतो ना, फार चांगली बाई. मायेने म्हणतील. मग खरं कोण आणि मायेचं कोण, मी कसं ओळखू?"

हे मात्र अगदी खरं. आमच्या लोकांना नाही म्हणता येत नाही. वाट विचारा, ठाऊक नसली तरी दाखवतील. म्हणून तिने हा खेळ काढला होता. बॉम्बेला क्लबाच्या पार्टीत असले प्रश्नांचे खेळ व्हायचे. सगळ्या प्रश्नांत हा एक मिसळून टाकायचा, कुणाला कारण कळू द्यायचं नाही, आणि कोण आपणहून खरं बोलतो ते बघायचं.

शनिवारी दिवेलागणीला तिचं दोन खोल्यांचं घर भरून गेलं. खुर्च्या आमच्या घरून आणल्या होत्या. शेजारची मलका आपल्या चुलत दिराला घेऊन आली. हा गर्शोन. एलातच्या बंदरात फिटर, सुट्टीला चुलतभावाकडे आला होता. एलातहून बसने अंग खिळखिळं होऊन यायचं आणि वर हसायचं, हे त्याला जमत नसे. पण तो आंबट झाला होता त्याला दुसरं कारण होतं. आदल्या वर्षी त्याच्या मुलाच्या लग्नाच्या वेळी याच चौकशा झाल्या. तिसऱ्या प्रश्नाला हा खुर्चीवरून उठून चालू लागला, आणि मुलाचं लग्न मोडलं ते मोडलंच. पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही, असं तो भेटेल त्याला सांगायचा.

"नियम एकच," पनिना म्हणाली. "ठाऊक नसेल त्याने गप्प बसायचं. बरोबर सांगेल त्याला पहिलं सांदण."

पहिला प्रश्न, माझ्या लग्नात काय करपलं? अर्ध्या घराने ओरडून सांगितलं, पुलाव! इस्रायल म्हणाला, "आणि माझा कोट. इस्त्रीने." लोक इतके हसले की त्यालाच नवल वाटलं. दुसरा, या देशात पहिल्या रात्री आम्ही कशात झोपलो? पत्र्याच्या खोलीत, हे सगळ्यांनाच ठाऊक, सगळे तशातच झोपले होते. मग एकेकाला आपापली पत्र्याची खोली आठवली. कुणाच्या खोलीत वाळूच्या वादळाने पिठाचा डबा भरला, कुणाची म्हातारी रोज ट्रंक बांधून परतीच्या आगबोटीची वाट बघायची. खेळ बाजूला राहिला. पनिनाने त्यांना पुरतं बोलू दिलं. मला तिच्या हाताकडे बघवत नव्हतं, पदराचं टोक पिळून पिळून चिंधी झाली होती.

"माझा जन्म कुठल्या गावचा?"

"पेण," मलका म्हणाली. "अलिबाग," दुसरं कोणी म्हणालं. पनिना म्हणाली, "नाही. रेवदंड्याच्या खाडीपलीकडलं साळवखार."

कोपऱ्यात गर्शोनने चहाचा पेला खाली ठेवला.

"आता, माझ्या आईला घरात काय म्हणून हाक मारायचे?"

झालं, नियम कुठच्या कुठे गेला. म्हातारा जुडा म्हणाला, "बाय म्हणत असतील. उंच होती ना? गोरी?" मलका म्हणाली, तिच्या सासूने पाहिली होती म्हणे, फार सुंदर. प्रत्येकाने पनिनाला एकेक आई देऊन टाकली. देताना सगळ्यांच्या डोळ्यांत माया होती आणि पनिनाचा चेहरा पडत चालला होता.

"धाकू," गर्शोन म्हणाला.

पनिनाने मान वर केली. आत्याच्या तोंडून निसटलेली हाक हीच.

"धाकू म्हनत. नाव एस्तेर. मोठी जाव ती मोठी, ही धाकू. उंच कसली, बुटकी होती. काळीसावळी. साळवखारात आपली चार घरं, त्यातलं तुमचं खाडीच्या अंगाला. एकदा नवी कोळीण मुशी घेऊन दारात आली, आपन बिनखवल्याचा मासा खात नाय हे तिला ठाव नव्हतं. तुझी आई म्हनली, बाये, खवलं दाखव नि पैशे घे. कोळीण मुशी उलटीपालटी करून खवलं शोधत बसली. धाकू हसून हसून पायरीवरच बसली. हसली की तिला उभं ऱ्हाता येत नसे." तो थांबला. "गेली तेव्हा माझ्या आयेनं तिला न्हाऊ घातलं. शेवटची कापडं शिवली. घरात बायका, पोर मधे मधे येते म्हनून माझ्या कडेवर दिलं. मी दहा वर्षांचा. ते पोर माझे कान वढत होतं." त्याने पनिनाकडे पाहिलं. "म्हंजे तू."

पनिना उठून त्याच्यासमोर गेली आणि जमिनीवर बसली. पन्नास वर्षांची बाई, पाहुण्यांसमोर, लहान पोरीसारखी मांडी घालून.

"अजून सांगा," ती म्हणाली.

तेवढ्यात मलकाने गोंधळ घातला. "देवच पावला! आता लेआचं लग्न झालंच. गर्शोनभावजी, उद्याच जाऊन सांगा तिथे."

गर्शोनला काय समजायचं ते समजलं. त्याचा चेहरा दगड झाला. "ह्याच्यासाठी होता व्हय खेळ?"

"ह्याच्यासाठीच होता," पनिना म्हणाली. तिने लपवलं नाही.

"तुला पायजे तितक्यांदा सांगीन. रोज सांगीन. पन त्या टेबलापुढं नाय. माझ्या आयेनं न्हाऊ घातलेली बाई यहुदी होती का, हे मला ते इचारनार? नाय बाये."

मला त्याचा राग आला, आणि तो बरोबर बोलतोय हेही कळत होतं. दोन्ही एकदम झालं की माझं डोकं उठतं. मी सांदणं आणायला आत निघाले.

दाराशी लेआ आणि योराम उभे होते. योरामला मराठी कळत नाही. लेआ त्याच्या कानात सगळं हिब्रूत सांगत होती. आता तोच काहीतरी बोलला, हळू, खाली बघून. लेआने मराठीत सांगितलं. ही पोरगी मराठीत विचारलं तरी हिब्रूत उत्तर द्यायची, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तो म्हणतो, त्याच्या आईला असं सांगणारं कोणीच नाही. तिच्या गावातलं कोणी राहिलं नाही. लढाईत सगळे गेले. तिची आई कशी हसायची, हे विचारायला एक माणूस नाही. तो म्हणतो, तिला ऑफिसात कोणी विचारलं पण नाही. पण तिला कोणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

गर्शोनने त्या मुलाकडे पाहिलं. मग पेला उचलून गार चहा एका दमात प्यायला.

"कदी जायचं?" त्याने विचारलं.

आम्ही मंगळवारी गेलो. मीही गेले, कारण पनिनाने माझा हात सोडला नाही. टेबलापलीकडचा रब्बी तरुण होता, सर्दीने बेजार. वाईट नव्हता. पनिनाला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वरून आलंय तसं विचारतो, मनाला लावून घेऊ नका, असं म्हणाला. गर्शोनने शपथ घेतली. नाव सांगितलं, घर सांगितलं, आपल्या आईने काय काय केलं ते सांगितलं. लेआ हिब्रूत सांगत गेली.

"केव्हा वारली?"

"बिरड्याच्या सनाच्या आदल्या दिवशी," गर्शोन म्हणाला. "आमच्या घरी वाल भिजत घातले व्हते. त्या वर्षी कुनी सोललेच नाय."

लेआ अडली. बिरड्याचा सण म्हणजे कुठला, हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, जेरुसलेमच्या देवळाच्या नाशाच्या उपासाचा दिवस, गावाकडे त्याला असंच म्हणत, उपास सोडताना वालाचं बिरडं खात म्हणून. रब्बीने मान हलवून लिहून घेतलं, यहुदी पंचांगातल्या आव महिन्याची आठवी तारीख.

"ठीक. आणि तिची आई?"

"कुनाची?"

"एस्तेरची आई. ती कोण होती?"

गर्शोन म्हणाला, दुसऱ्या गावची बाई, मी कधी पाहिली नाही. रब्बीने नाक पुसलं, पेन खाली ठेवलं. मग तिला ओळखणारं कुणीतरी लागेल, म्हणाला. आमचा खेळ याहून बरा होता, त्यात निदान उत्तर दिलं की सांदण मिळत होतं. गर्शोन उठला. मला वाटलं आता टेबल उलटं करतो.

"गर्शोनभाऊ, बसा जरा," पनिना म्हणाली. तिचं रब्बीकडे लक्षच नव्हतं. "परत सांगा. कुठल्या दिवशी गेली?"

बसच्या थांब्यावर ती रडायला लागली. लेआला वाटलं लग्नासाठी रडते. "नाही गो," पनिना म्हणाली. "मला रडायला काही नव्हतंच आजवर. नुसतं एक नाव. नावासाठी किती रडणार माणूस?" गर्शोन आमच्याकडे पाठ करून एलातच्या बसचा फलक शोधत उभा राहिला. ती बस त्या थांब्यावर येतच नाही.

लग्न लांबलं. पुढच्या वर्षी आमचे लोक त्या हुकुमाविरुद्ध जेरुसलेमला जाऊन बसले, त्यात पनिना होती, मी होते, आणि घोषणा द्यायला इस्रायलसुद्धा होता, आधी बायकोकडे बघून. हुकूम बदलला आणि लेआचं लग्न झालं. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, त्याच त्रेसष्टच्या उन्हाळ्यातलं.

आव महिन्याची आठवी तारीख आली. पनिनाने जन्मात पहिल्यांदा आईच्या नावाने दिवा लावला. तिला भाऊ नाही, मुलगा नाही, कद्दिश, म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायला रक्ताचा पुरुष कुणी नाही. गर्शोन रजा टाकून एलातहून आला. आमची प्रार्थना तेव्हा एका पत्र्याच्या खोलीत व्हायची आणि आमचा नाथान हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, होता, दिवसा वीटभट्टीवर काम करणारा. बायका मागे. कद्दिश झालं. मग मेलेल्या माणसाचं नाव घेऊन म्हणायची प्रार्थना, तिच्यात नाव लागतं आणि कुणाची लेक तेही लागतं.

"नाव?" नाथानने विचारलं.

"एस्तेर," गर्शोन म्हणाला.

"कुणाची मुलगी?"

गर्शोनने मागे वळून पनिनाकडे पाहिलं. पनिनाने माझ्याकडे. इथेही तेच.

नाव ठाऊक नसलं की जे म्हणायची पूर्वापार रीत आहे, ते नाथानने म्हटलं. त्याच सुरात, पुस्तकातून मानही वर न काढता. "एस्तेर, आपली आई सारा हिची मुलगी." सारा, सगळ्या यहुद्यांची मूळ आई. नाथान पुढे वाचायला लागला.

पनिना इतक्या मोठ्याने आमेन म्हणाली की पुढच्या बाकावरचे पुरुष वळून बघायला लागले.