उताणा मासा

सासूबाईंचा जीव घरातल्या कुणात अडकला होता म्हणाल, तर तो एका निळ्या पिंपात.

शहापूर-मुरबाड रस्त्याला लागून, आमच्या गावाच्या कडेला एक गोदाम होतं. कारखान्यांचा माल तिथं उतरायचा आणि रिकामी झालेली पिंपं गावात यायची. घट्ट झाकणाचं, न फुटणारं, न गंजणारं पिंप. कुणी त्यात भात ठेवी, कुणी पाणी, एका घरानं तर त्यात लग्नाचं सरबत केलं होतं आणि ते मीही दोन ग्लास प्यायले होते. सासूबाईंनी आपलं पिंप ढिगातून स्वतः निवडून आणलं, कारण त्यावर चित्र होतं. नारिंगी चौकोनात एक झाड आणि एक मासा. झाड आहे, मासा आहे, त्याअर्थी हे पिंप पाण्याचंच, असा त्यांनी निवाडा केला. थोडा वास होता तो चिंचेनं आणि राखेनं घासून घालवला आणि पिंप मोरीशेजारी मानानं बसवलं.

वर्षभर आम्ही त्यातलं पाणी प्यायलो. मग माझी धाकटी जाऊ, जिला तेव्हा सहावा महिना होता, एकदा पिंप पुसताना थांबली. मासा उताणा का आहे, असं तिनं सासूबाईंना विचारलं. शिवाय झाडाला एकही पान नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, झाड फाल्गुनातलं असेल आणि मासा झोपला असेल.

मी चित्र पाहिलं आणि कुणाला न विचारता पिंप आडवं केलं. सगळं अंगण वाहिलं. सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला. माझा स्वभाव असाच, आधी ओतायचं आणि मग विचार करायचा. पण ओतलं ते पिंपातलं. पोटात गेलेलं कसं ओतणार? जाऊ नुसता पोटावर हात ठेवून बसली, आणि तिला तसं पाहून मला फार भीती वाटली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि सरळ सांगितलं की, चित्रावरून मला काही कळणार नाही, पिंपात काय होतं त्याचं नाव आणा. पिंपावरचा कागद तर फाटलेला. त्यावर चित्राखाली चार आकडे तेवढे शिल्लक होते. गोदामाच्या वॉचमनला विचारलं, तर पिंपात केमिकल होतं एवढं ज्ञान त्यानं मोठ्या मनानं दिलं.

पण गोदामाला ग्रामपंचायतीनं ना हरकत दाखला दिला होता. त्याच्या फायलीत मालाची यादी असणारच, आणि ती फाईल पंचायतीच्या कपाटात. मी तर पंचायतीची सदस्य. महिलांच्या राखीव जागेवर निवडून येऊन मला दोन वर्षं झाली होती. मी ताठ मानेनं ऑफिसात गेले.

ग्रामसेवकाला आमच्याकडे सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांकडे दोन गावं होती, आमच्याकडे ते फक्त बुधवारी यायचे, आणि आमच्या कपाटाची चावी कायम दुसऱ्या गावात असायची. गावातलं कुणी कागद मागायला गेलं की ते म्हणायचे, अर्ज करा. मला म्हणाले, तुम्ही सदस्य, तुम्हाला अर्ज कशाला, ऑफिस तुमचंच आहे. मला बरं वाटलं. पुढच्या बुधवारी फाईल तालुक्याला गेली होती. त्याच्या पुढच्या बुधवारी ती परत आली होती, पण सापडत नव्हती. माझ्याच ऑफिसात मला चहा मिळत होता, खुर्ची मिळत होती, कागद तेवढा मिळत नव्हता.

माहितीच्या अधिकाराचा कायदा तेव्हा नुकताच आला होता. मुरबाडला आम्हा महिला सदस्यांचं एक शिबिर झालं होतं, तिथं सांगितलं होतं की कुणीही साधा माणूस अर्ज टाकून कागद मागू शकतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण मीच पंचायतीत आणि मीच पंचायतीवर अर्ज टाकायचा? नवरा म्हणाला, सरपंचांना वाटेल तू भांडण काढतेस.

तेव्हा इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतर सासूबाईंनी तोंड उघडलं. "माज्या नावानं टाक."

त्यांना पिंप निर्दोष ठरवायचं होतं आणि मला ते दोषी ठरवायचं होतं. पण दोघींना कागद एकच हवा होता. मी लिहिलं, त्यांनी अंगठा उठवला. अर्जात चित्राचा उल्लेख हवाच, असा त्यांचा हट्ट होता. 'पिंपावर झाड व मासा आहे' असं मी लिहिलं. 'उताणा' हा शब्द मी हळूच घातला, त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून.

तीस दिवस त्यांनी घरी बसून काढले असते तर त्या आमच्या सासूबाई कसल्या! दर बुधवारी, भाऊसाहेबांच्या वारी, त्या मोड आलेले वाल घेऊन पंचायतीच्या ओट्यावर सोलत बसायच्या. आत या म्हटलं तर म्हणायच्या, इथं उजेड बरा आहे. येणारा-जाणारा विचारायचा, काय गो म्हातारे, इथं काय करतेस? मग त्या पिंपाची गोष्ट पहिल्यापासून सांगायच्या. ऐकणाऱ्याच्या घरीही पिंप असायचंच. तिसऱ्या बुधवारी ओट्यावर सात-आठ बाया होत्या आणि भाऊसाहेबांच्या दारात वालाच्या सालींचा ढीग. चौथ्या बुधवारी चावी त्यांच्या खिशातच निघाली.

फाईल निघाली. यादी इंग्रजीत, आणि प्रत्येक नावापुढं चार आकडे. आमचे आकडे पाचव्या ओळीत सापडले. नाव इतकं लांब होतं की भाऊसाहेब मध्ये श्वास घ्यायला थांबले. झेरॉक्स घेऊन आम्ही तिघी तडक दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी पाचवी ओळ वाचली आणि हसायलाच लागल्या. विहिरीत टाकायला पंचायत पावडर आणते ना, त्याच जातीचं हे पातळ औषध, पाणी शुद्ध करायचं. कडक असताना मासे मारतं, म्हणून ते चित्र. इतकं धुतल्यावर त्यात काही राहिलेलं नाही, बाळाला धोका नाही. पण पुन्हा त्यातलं पाणी पिऊ नका. जाऊ तिथंच रडायला लागली. महिन्याभराचं रडू होतं ते. सासूबाईंनी शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. पिंप पाण्याचंच आहे असं आपण आधीच म्हटलं होतं, हे त्यांनी कंपाउंडरला आणि बाहेरच्या रांगेलाही सांगितलं.

डॉक्टरीणबाईंचं बोट मात्र यादीवरून खाली सरकत होतं. दोन ओळींपाशी त्या थांबल्या आणि त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, तुमचं पिंप यातलं असतं तर मी आज हे बोलले नसते. गावातलं प्रत्येक पिंप तपासून घ्या.

जाऊनं डोळे पुसले आणि झेरॉक्सची पानं उलटली. शेवटचं पान ठरावाचं होतं. 'यादी सभेपुढे वाचून दाखविली, सर्वानुमते मंजूर.' खाली सह्या. तिसरी सही माझी.

आमच्याकडे बायांनी सभेला जायचं नसे. सभा झाली की शिपाई वही घेऊन घरोघर फिरे आणि आम्ही सह्या करत असू. मला आठवलं, भाकऱ्या चालू होत्या, हाताला पीठ होतं, आणि वहीला डाग पडू नये म्हणून मी हात पदराला पुसले होते. तेवढीच काळजी मी त्या कागदाची घेतली होती. भाऊसाहेबांना मी महिनाभर जे जे मनात म्हटलं होतं, ते सगळं मला ऐकू आलं.

परतताना जीपमध्ये जाऊनं झेरॉक्सची घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "ताई, कागद आपल्या चुलीपाशी येऊन गेला व्हता."

मला तिच्याकडं बघता आलं नाही. हो, एवढंच म्हणाले.

गावातली पिंपं आम्ही बायांनी यादी घेऊन तपासली. तीन घरांतली कापून टाकावी लागली, त्यांतलं एक शिपायाच्याच घरचं. पुढच्या महिन्यात तो नेहमीसारखा वही घेऊन आला, बोटानं जागा दाखवली आणि घाईत आहे म्हणाला. मी तवा उतरवला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. जाऊ, आता आठवा लागलेली, शेजारी येऊन बसली. मी पान उलटलं की ती ते परत मागं उलटायची, एका ओळीवर बोट ठेवायची आणि विचारायची, "हे वाचलंत?"

मी परत वाचायची.