शेवटच्या गाडीचा आवाज

बन्सीलाल नाना आमच्यात नाहीत हे आम्हाला कळलं ते भरीत वाढताना. केळीची पानं मांडून झाली, सगळे बसले, आणि एक पान रिकामं राहिलं. तोवर कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मला त्याची अजून लाज वाटते आणि माझ्या नवऱ्याला, ललितला, मी तिची आठवण अधूनमधून करून देते, कारण त्या दिवशी सगळ्यांत पुढे आमची गाडी होती आणि पठ्ठ्याने आरशात एकदाही मागे पाहिलं नव्हतं.

नाना म्हणजे असोद्याचे बन्सीलाल नारखेडे. वय चौसष्ट. पंचवीस वर्षं त्यांनी यावल-जळगाव रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवली. तो धंदा बसला तेव्हा त्यांनी गाडी विकली नाही, रंग बदलून हिरवी केली आणि घरी ठेवली. आमचा गट पाच जुन्या जीपांचा. थंडीत महिन्यातून एक रविवार आम्ही बरडावर, नाल्यांत, गाडीवाटांवर गाड्या घालतो. गटातल्या भूषणसारखी तरुण पोरं याला ऑफरोडिंग म्हणतात. नाना म्हणतात, आम्ही जन्मभर हेच केलं, फक्त गाडीत चौदा माणसं भरलेली असायची.

नाना कायम शेवटी चालतात. ती जागा त्यांनी स्वतः मागून घेतली. पुढच्या चौघांपैकी कोणी अडकलं तर मागून येणारे नाना त्याला काढतात. पण नाना अडकले तर त्यांच्या मागे कोण, हा प्रश्न आम्हा शहाण्यांना तीन हिवाळे पडलाच नाही.

डिसेंबरात तो पडला. एका जुन्या मुरमाच्या खाणीजवळ त्यांचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं. फोनला रेंज नव्हती. नानांना साखरेचा आजार, खिशात बिस्किटांचा एक पुडा. चार तासांनी आम्ही पोहोचलो तेव्हा ते दगडावर बसले होते. पाय सुजलेले, ओठ कोरडे. आम्हाला पाहून म्हणाले, "आले का? भरीत थंडं झालं असंल." मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा, नीलेशचा, पुण्याहून फोन आला. गाडी विकायची. भुसावळचा एक जण घ्यायला तयार आहे. नाना वाद घालणारे गृहस्थ, भाजीच्या जुडीवरूनही अर्धा तास बोलतील. या वेळी ते काहीच बोलले नाहीत. ललित आणि मी माफी मागायला असोद्याला गेलो तेव्हा ते ओट्यावर मान खाली घालून बसले होते. बोलल्या त्या धुरपदा काकू, नानांच्या पत्नी.

"मले तुमचा राग नाही," काकू म्हणाल्या. "मले भेव वाटते. दिवसभर मी फोन लावला. लागला नाही."

मी त्यांना म्हटलं, काकू, आम्ही वॉकीटॉकी घेऊ. त्याला रेंज लागत नाही, एका गाडीतून थेट दुसऱ्या गाडीत बोलता येतं. काकूंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी अट घातली. एक फेरी करा. मी स्वतः गाडीत बसून येते. त्या दिवशी यांचा आवाज तुम्हाला ऐकू आला आणि तुम्ही थांबलात, तर गाडी राहील. नाहीतर नीलेशचा माणूस येऊन घेऊन जाईल, आणि मग कोणी माझ्याकडे रदबदलीला यायचं नाही.

नानांनी त्या वेळी पहिल्यांदा मान वर केली.

संच निवडायची जबाबदारी चोपड्याच्या भूषणने घेतली, म्हणजे न मागता घेतली. त्याने व्हिडिओ पाहिले, तक्ता केला, आणि एका संचाच्या प्रेमात पडला. मोठी ताकद, रंगीत पडदा, शंभरावर चॅनेल, खोक्यावर लिहिलेलं अंतर दहा किलोमीटर. नानांनी विचारलं, याला परवाना लागतो का? भूषण म्हणाला, लागतो तसा, पण कोण बघतं. नाना म्हणाले, "पंचवीस वर्षं मी आरटीओपुढं हात जोडले, भो. आता म्हातारपणी नाही जोडत." तिथे तो संच बाद व्हायला हवा होता, पण भूषणचा जीव त्यात अडकलेला.

तेव्हा नानांनी जळगावातल्या ओळखीच्या दुकानदाराकडून एक जोडी दोन दिवसांसाठी आणली. विनापरवाना चालते तसली, अर्ध्या वॅटची, साधी, काळी, पडदा नसलेली. भूषणने ती हातात घेऊन अशी पाहिली की जणू कोणी त्याला खेळणं दिलं. असोद्याच्या शिवारात, कापूस वेचून झालेल्या मोकळ्या रानात, नाना आणि भूषण या दोघांनी चाचणी केली. तीन किलोमीटरवर आवाज खणखणीत. सगळे खूश. नाना सोडून.

"सपाटीवर तं मी हाक मारली तरी ऐकू जाते," ते म्हणाले. "डोंगराआड बोलून दाखवा."

दुसऱ्या दिवशी सगळे सातपुड्याच्या पायथ्याशी. भूषणने आपला लाडका मोठा संचही मागवला होता, परवाना असलेला त्याचा एक मित्र तो घेऊन बरोबर आला. नाना एका नाल्यात उभे राहिले आणि ललित गाडी घेऊन टेकडीच्या पलीकडे गेला. पहिल्या वळणाआड लहान संच खरखरला, दुसऱ्या वळणाआड मुका झाला. मोठा संच थोडा पुढे टिकला आणि तिसऱ्या वळणाआड तोही मुका. खोक्यावरचे दहा किलोमीटर खोक्यातच राहिले. भूषणचं तोंड एवढंसं झालं, आणि मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

नानांनी मग आपल्या पद्धतीने निवड केली. जीपचं इंजिन चालू ठेवून संच बॉनेटवर ठेवला आणि आवाज ऐकू येतो का पाहिलं. हाताला ग्रीस लावून बटण दाबून पाहिलं. संच गाडीच्या सॉकेटवर चार्ज होतो का विचारलं. घरी काकूंना चष्मा काढून तो चालू करायला लावला, त्यांना जमलं. तो लहान संच या सगळ्यात पास झाला आणि तसले पाच घ्यायचे ठरले. डोंगराआड तो जाणार नाही हे कळलंच होतं, म्हणून नानांनी चालण्याची रीत बदलली. मधली गाडी पुढच्यांनाही ऐकू शकेल आणि शेवटच्यालाही, इतपतच अंतर ठेवायचं. मागचा निरोप मधल्याने पुढे द्यायचा. काळीपिवळीवाले समोरून येणाऱ्याला हात करून पुढच्या नाक्याची बातमी देत, तसंच हे. मधली गाडी आमची ठरली आणि बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं औषधाचं दुकान आहे आणि दिवसभर बोलायची सवय मला गटात सर्वांत जास्त, असं ललितने सगळ्यांना सांगितलं.

फेब्रुवारीत, चोपड्याच्या वरच्या अंगाला भूषणच्या मामांच्या मालकीच्या बरडावर आम्ही गेलो. पुढे भूषण, मग धुळ्याचे वना आबा, मग आम्ही जळगावचे, आमच्या मागे यावलचा किरण, आणि शेवटी नाना. नानांच्या शेजारी काकू, डोक्याला रुमाल घट्ट बांधून, परीक्षेला बसल्यासारख्या.

आणि सकाळपासून सगळं बिघडलं. संच उत्तम होते. आमचीच तोंडं बिघडलेली. आमच्याकडे लहानमोठा, ओळखीचा, अनोळखी, प्रत्येक जण भाऊ असतो. मोठ्याचं नाव घ्यायचं नाही, लहानाला नुसतं नावाने हाक मारणं उद्धट दिसतं. रेडिओवर चेहरा दिसत नाही, पण जीभ तीच. "भाऊ, दगड आहे, थांबा." पाचही गाड्या थांबल्या. "भाऊ, या पुढे." पाचही गाड्या निघाल्या. दहा वाजेपर्यंत आम्ही सहा वेळा उगाच थांबलो. वना आबा वैतागून म्हणाले, "कोणता भाऊ? आठे बठ्ठा भाऊच शेतस." म्हणजे, इथे सगळे भाऊच आहेत. हसू आलं सगळ्यांना. पण त्यानंतर एक गोष्ट झाली, जी मला तेव्हा समजली नाही. "भाऊ, थांबा" ऐकून थांबणं सगळ्यांनीच सोडून दिलं. प्रत्येकाला वाटू लागलं, दुसऱ्या कोणाला तरी म्हणताहेत.

साडेअकराला नाल्यातून चढताना खरखरीत आवाज आला, "भाऊ, जरा थांबा हो."

मी ऐकलं. ललितनेही ऐकलं. वना आबा तेव्हा मोठ्या दगडावरून गाडी काढत होते, मला वाटलं त्यांना कोणी सांगतंय. किरण आमच्या मागोमाग नाला चढून आला होता, त्यालाही तसंच वाटलं. पुन्हा आवाज आला, "भाऊ, थांबा." ललितने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. लगेच पुढून भूषणने आपलं बटण दाबून जेवायला कुठल्या चिंचेखाली बसायचं ते सांगायला सुरुवात केली, आणि तो बोलत असेपर्यंत दुसऱ्या कोणाला बोलताच येईना. तो थांबला तेव्हा शांतता होती. आम्ही पुढे चाललो होतो. डिसेंबरसारखेच, अगदी तसेच.

मग संचावर बाईचा आवाज आला. शांत, पण प्रत्येक शब्द मोकळा.

"असोद्याची गाडी नाल्यात फसली हाये. यावलवाले, जिथी हाये तिथी थांबा. जळगाववाले, थांबा. जळगावची बाई, ऐकलं का? पुढं धुळेवाल्याले अन् चोपडेवाल्याले सांग."

ललितने असा ब्रेक मारला की माझं कपाळ काचेला लागता लागता राहिलं. मी बटण दाबलं. "धुळे, चोपडा, असोद्याची गाडी फसली आहे. मागे फिरा." टेकडीआडून वना आबांचं उत्तर आलं, "आक्काले सांगा, मी ई ऱ्हायनू." म्हणजे, काकूंना सांगा, मी येतोय.

आम्ही पोहोचलो तेव्हा जीपची मागची दोन्ही चाकं वाळूत होती आणि गाडी एका अंगाला कलली होती. नाना स्टेअरिंग धरून बसले होते. त्यांना काही लागलं नव्हतं, पण चेहरा उतरलेला. दोनदा हाक मारली आणि कोणी थांबलं नाही, हे त्यांनी ऐकलं होतं, आणि शेजारी बसून काकूंनीही. काकूंच्या हातात संच होता. सगळ्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं.

मी काकूंना विचारलं, तुम्हाला गावांची नावं घ्यायचं कसं सुचलं? त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं.

"यांचं नाव मी घेत नाही," त्या म्हणाल्या. "अडतीस वर्षं झाली. दळणवाला, पोस्टमन, मास्तर, कोणालेही सांगायचं तं नाव न घेता सांगायचं. सवय हाये मले. अन् यांच्या धंद्यातले लोक घरी कोणाचं नाव घेत? यावलवाला आला, चोपडेवाला गेला. गाडी गावाची असते."

नाना हे ऐकत होते. पंचवीस वर्षं त्यांनी स्वतः जे केलं होतं, ते त्यांनाच आठवलं नव्हतं. "मले सुचलं नाही," ते खाली मान घालून म्हणाले. मला वाटतं, ते वाक्य बोलणं त्यांना वाळूत फसण्यापेक्षा जड गेलं.

दोर बांधून वना आबांनी गाडी ओढून काढली. उरलेला दिवस आम्ही गावांच्या नावांनी बोललो आणि एकदाही उगाच थांबलो नाही. भूषणला वना आबांनी सांगितलं, दोन वाक्यं झाली की बटण सोडायचं. तो ऐकेल असं वाटत नव्हतं, पण त्याने ऐकलं. जेवायला चिंचेखाली काकूंनी आणलेल्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी होत्या. काकू सगळ्यांना वाढत होत्या, आणि नाना त्यांच्याकडे पाहायला धजत नव्हते. आवाज ऐकू आला का? आला. थांबलो का आम्ही? शेवटी थांबलो. पण तो नानांचा आवाज नव्हता. अट कशी मोजायची, हे फक्त काकूंच्या हातात होतं.

परतताना चोपड्याजवळ चहाला थांबलो आणि फोनला रेंज आली. लगेच नीलेशचा फोन. काकू फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"आई, काय झालं? उद्या सकाळी भुसावळचा माणूस येतोय गाडी पाहायला."

"गाडी फसली होती," काकू म्हणाल्या.

नानांनी चहाची बशी खाली ठेवली.

"बघ," नीलेश म्हणाला, "मी म्हणत होतो ना."

"फसली, अन् यांनी दोनदा हाक मारली. कोणी थांबलं नाही. मग मी बोलले, तं नऊ मिनिटांत सगळे आले. त्या माणसाले सांगजो, येऊ नको. गाडी द्यायची नाही."

"अगं, पण पुढच्या वेळेला—"

"पुढच्या वेळेले मी हाये ना गाडीत," काकू म्हणाल्या. "चालवायचं त्याहिनं. बोलायचं मी."

त्यांनी फोन ठेवला आणि चहाचा कप उचलला, जणू भाजीवाल्याला काही सांगून झालं असावं. नानांचे डोळे भरले होते. ते पुसायला त्यांनी रुमाल काढला नाही, आमच्या देखत तसेच बसून राहिले. मग त्यांनी आपली बशी काकूंपुढे सरकवली आणि विचारलं, "मार्चात कुठी जायचं म्हणता?"