साडूच्या ट्रकचे बावीस बोल्ट

माझ्या साडूइतका बेहिशेबी माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि त्याच्याइतका सुखी माणूसही सापडणार नाही. या दोन गोष्टी एकाच ठिकाणी कशा नांदतात, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही. मी अंबरनाथच्या एका कारखान्याचे स्टोअर सांभाळतो. साडेचार हजार प्रकारच्या वस्तू माझ्या ताब्यात आहेत आणि त्यांतला एक खिळाही कधी इकडचा तिकडे झालेला नाही. असे असूनही माझ्या घरात कौतुक होते ते कुळगावच्या साडूचे. तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि दोन इंचांनी उंच. हे आकडे मी खात्रीने सांगतो आहे. त्याला विचाराल तर तो म्हणेल, "असेल तेवढंच."

"असेल तेवढंच" हे त्याचे एकमेव माप. भात किती झाले, मुलगा कितवीत आहे, घरापासून विहीर किती लांब, सगळ्याला हेच उत्तर. मनगटावर घड्याळ नाही, भिंतीवर कॅलेंडर आहे पण ते दोन वर्षांपूर्वीचे, चित्र आवडले म्हणून ठेवलेले. माझ्या मुलाच्या मुंजीला तो एक दिवस आधी आला, कारण तारीख चुकली. आलोच आहोत म्हणून त्याने दिवसभरात मांडव घालून टाकला. त्या मुंजीची आठवण निघाली की लोक अजून मांडवाचीच गोष्ट काढतात. कोणत्या पंगतीला कोण बसेल याचा तक्ता करायला मी आठ दिवस खपलो होतो, त्याबद्दल आजपर्यंत कोणी चकार शब्द काढलेला नाही.

ट्रकही त्याने असाच आणला. कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकींत सिंधी मंडळी येऊन राहिली आणि त्या वस्तीचे उल्हासनगर झाले, त्या सुमाराची ही गोष्ट. लष्कराचे उरलेसुरले सामान तेव्हा लिलावात निघत असे. साडू खाट आणायला म्हणून गेला आणि संध्याकाळी ट्रक घेऊन आला. हिरवा, लांब नाकाचा, चारही चाकांनी ओढणारा. मी पाहायला गेलो तेव्हा त्याने मला बॉनेटवर हात ठेवायला लावला आणि म्हणाला, "साडूभाऊ, बाकीच्या गाड्यांची दोन चाकं काम करतात, दोन नुसती पाहुणी. हिची चारही घरची आहेत." माझी मेहुणी त्यानंतर दोन वर्षे जमिनीवर झोपली, आणि ही हकीकत ती अशी सांगे की जणू नवऱ्याने तिला पाटल्या केल्या. मी एकदा पावशेर रवा कमी आणला होता, तो मात्र माझ्या घरात अजून आठवला जातो.

त्या ट्रकवर साडू बारवीच्या जंगलातून लाकूड आणत असे. माल कॅम्प एकच्या एका सिंधी शेठजींकडे जायचा. ते खुर्च्या-टेबले करवून घेत. जंगलातल्या वाटा अशा, की साधी लॉरी तिथे पाऊलही टाकत नसे. एका वैशाखात, पावसाळा तोंडावर आला असताना, वाटेतल्या एका धोंड्यावर ट्रकचे पोट आपटले. इंजिनाच्या खाली तेल साठवणारे लोखंडी भांडे असते, त्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. त्याला चीर गेली आणि तेल गळू लागले. शेठजींनी निरोप धाडला की सोमवारी सकाळी गाडी जंगलात उभी दिसली नाही, तर उरलेला माल दुसऱ्याच्या ट्रकने उचलीन. दुसऱ्याचा ट्रक म्हणजे पुढच्या वर्षाचे कामही दुसऱ्याचे. हा निरोप गुरुवारी आला. साडूच्या दोन म्हशी ट्रकपायी आधीच विकल्या गेल्या होत्या. हे काम गेले असते तर ट्रकही गेला असता.

शुक्रवारी मला सणाची सुट्टी होती, म्हणून आम्ही दोघे नवराबायको कुळगावला गेलो. खरे सांगायचे तर बायको धीर द्यायला गेली आणि मी पाहायला गेलो. त्याचे एकदा तरी अडलेले मला पाहायचे होते.

अंगणात ट्रक उभा होता आणि त्याच्याखालून साडूचे फक्त पाय दिसत होते. मी जवळची पट्टी काढली, खाली वाकलो आणि मापे घेतली. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत मेख अशी असते, की चेंबरच्या बरोबर खालून पुढच्या दोन चाकांना जोडणारा ॲक्सल जातो. बोल्ट काढले तरी भांडे खाली यायला जागाच नसते. मोकळी जागा साडेतीन इंच, चेंबरची खोली आठ इंच. मी शांतपणे सांगितले, "साडेतीनातून आठ निघत नाहीत."

ट्रकखालून उत्तर आले, "हा हिशेब सुइणीला सांगा, साडूभाऊ."

मेहुणी पदर तोंडाला लावून आत पळाली. माझी बायको पळालीसुद्धा नाही. तिथेच उभी राहून हसली.

मग साडूने मेहुणीचा पाटा मागवून जॅकखाली घातला आणि ट्रकची चौकट उचलली. चाके लोंबकळली, ॲक्सल अडीच इंच खाली आला. तीन वाशांचे तिकाटणे उभे करून, साखळी लावून त्याने इंजिनही दीड इंच वर ओढले. मी प्रत्येक वेळी मोजत होतो. साडेतीन, अडीच आणि दीड मिळून साडेसात. अर्धा इंच कमी. चेंबर खाली सरके, ॲक्सलवर टेके आणि अडे. साडूने हँडल फिरवून भांड्यात डोकावणारा क्रँकचा दांडा वळवून पाहिला, भांडे तिरके करून पाहिले. मी पट्टी खिशात ठेवली. अशा वेळी आकडे आपले आपण बोलतात.

साडू बाहेर आला, घाम पुसला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला. "तुमचं वजन किती?" त्याने विचारले. मी सांगितले, एकशे बावन्न पौंड. कारखान्याच्या काट्यावर दर पहिल्या तारखेला मी ते पाहतो. त्याने मला उजव्या चाकावर उभे केले. डाव्या चाकावर शेजारचे पाटील चढले, त्यांचे वजन कोणालाच माहीत नव्हते. आम्ही दोघे बॉनेटला धरून उभे राहिलो तसा ॲक्सल कुरकुरत खाली दबला, आणि चेंबर लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला. तो अर्धा इंच माझा होता. सगळ्यांनी शाबासकी दिली ती साडूला.

आता बोल्टांकडे येतो. चेंबरला बावीस बोल्ट होते. मी असतो तर पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून, ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवला असता. तसे मी सुचवलेही. पण साडूची रीत अशी की बोल्ट निघाला की अंगणात जो कोणी असेल त्याच्या हातावर ठेवायचा आणि सांगायचे, "सांभाळ. चेंबर चढवायला ये आणि आपल्या हातानं आवळ." कोणाचे काहीही अडले तरी हा धावतो, त्यामुळे त्याच्या अंगणात माणसांना तोटा नसतो. एक न्हाव्याकडे गेला, एक पोस्टमनकडे, एक शाळेच्या गुरुजींकडे, तीन लाकूडतोड्या ठाकरांकडे. एक मेहुणीने पदराच्या गाठीला बांधला. बावीस बोल्ट बावीस घरांत गेले. मी म्हणालो, यातले दहा तरी परत येणार नाहीत. तो म्हणाला, "माझ्याजवळ ठेवले तर बावीसही हरवतील." शेवटचा त्याने माझ्या हातात दिला.

चेंबर डोक्यावर घेऊन तो शनिवारी उल्हासनगरला गेला आणि चीर झाळून आणली. तेल गळू नये म्हणून मधे घालायचे पॅकिंग त्याने जाड पुठ्ठा भांड्याच्या कडेवर ठेवून हातोडीने ठोकून ठोकून घरीच कापले. रविवारी सकाळी आम्ही पुन्हा गेलो. माझा बोल्ट मी रॉकेलने धुऊन, कागदात गुंडाळून, त्यावर "मागची बाजू, उजवीकडून तिसरा" असे लिहून कोटाच्या खिशात ठेवला होता.

अंगण भरले होते. न्हाव्याने धोपटीतून बोल्ट काढला, गुरुजींनी चष्म्याच्या घरातून, एका ठाकराने कमरेच्या करगोट्याला बांधलेला सोडला. एकेक जण गोणपाटावर आडवा होऊन ट्रकखाली जाई, साडू त्याला जागा दाखवी, पाना हातात देई, आणि तो माणूस तेलाने माखून, आपणच इंजिन बनवले अशा चेहऱ्याने बाहेर येई. चुलीवर बायकांनी मोठे पातेले चढवले होते. बोल्ट मोजण्याचे काम मी आपणहून घेतले होते. एकोणीस झाले, वीस झाले, एकवीस झाले. एकही हरवला नव्हता.

त्याच वेळी माझी बायको कोणाला तरी म्हणाली, "आमच्याकडे इतकी माणसं बारशालासुद्धा आली नव्हती."

ती सहज म्हणाली. पण मला ते झोंबले, हे मी लपवत नाही. साडूने ट्रकखालून हाक मारली, "साडूभाऊ, या, तुमचा राहिला." माझा हात खिशात होता, बोटांना कागद लागत होता, आणि मी म्हणालो, "घरी विसरलो."

मी आयुष्यात काही विसरलेलो नाही. गुरुजींनी सुचवले की साडूच्या डब्यात शेकडो बोल्ट आहेत, त्यातला एखादा लावावा. डबा तिथेच होता. मीही मनातून तेच म्हणत होतो. लावून टाका आणि मोकळे व्हा. पण साडू डोके बाहेर काढून म्हणाला, "नको. त्यांचा आहे, ते आणतील. त्यांच्याकडून वस्तू हरवत नाही, एवढं एक मला जगात पक्कं ठाऊक आहे. आपण थांबू."

आणि ती सगळी माणसे थांबली. कोणी कुरकुरले नाही. पातेले चुलीवरून उतरवून झाकून ठेवले गेले, कारण माझ्याशिवाय पाने मांडायची नाहीत असे ठरले.

मी भर उन्हात निघालो आणि स्टेशनाच्या अलीकडे मोरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. बोल्ट खिशात होता. हिशेब सरळ होता. अंबरनाथची गाडी बारा चाळीसला, पोचायला आठ मिनिटे, घरापर्यंत बारा. परतीची गाडी दोन वीसला. म्हणजे पावणेतीनच्या आत मला अंगणात पाऊल टाकता येत नव्हते. गाडी माझ्यासमोरून गेली. मी बसून राहिलो. त्यांना उपाशी ठेवायला मिळाले याचा आनंद होईल असे वाटले होते. पाच मिनिटे झालाही असेल. मग डोळ्यांसमोर ते झाकलेले पातेले येऊ लागले. साडू उघडा डबा समोर असून माझ्यासाठी थांबतो, ही गोष्ट मी कितीही वेळा मांडली तरी उत्तर तेच येई. त्याच्या जागी मी असतो तर दुसरा बोल्ट लावून मोकळा झालो असतो. एक वाजून पाच मिनिटांनी मी उठलो.

अंगणात शिरलो तशी मेहुणीने सरळपणे विचारले, "भावोजी, इतक्यात गाडी मिळाली?"

रविवारचे वेळापत्रक मला तोंडपाठ आहे. त्यात इतक्यात परत आणणारी गाडीच नव्हती. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. माझी बायको माझ्याकडे बघत होती.

"मिळते कधी कधी," साडू ट्रकखालून म्हणाला. "या साडूभाऊ. जागा ठेवलीय."

मी कोट काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका गाडीखाली आडवा झालो. तो सरकून बाजूला झाला. कागद उलगडून मी बोल्ट काढला, मागची बाजू, उजवीकडून तिसरा, आणि सगळी ताकद लावून पाना फिरवू लागलो. त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. "हळू," तो म्हणाला. "फार आवळलं की पॅकिंग फाटतं. टेकला की पुरे."

सोमवारी ट्रक जंगलात उभा होता. पावसाळ्याआधीचा सगळा माल निघाला, आणि पुढच्या वर्षीचाही. न्हावी अजून दाढी करता करता विचारतो, "माझा गळत नाही ना?" बाकीचेही आपापल्या बोल्टाची चौकशी करतात. मी करत नाही. साडूला खरे सांगावे म्हणून मी तीनदा कुळगावला गेलो आणि तीनदा जेवून परत आलो.

मला त्याचा हेवा अजून वाटतो. पण गेल्या महिन्यात तो माझ्याकडे आला असता शेजारचे गृहस्थ बसले होते, त्यांना त्याने माझी ओळख करून दिली. माझ्याच घरात, माझीच. म्हणाला, "हे आमचे साडू. एका बोल्टासाठी वैशाखाच्या उन्हात कुळगावहून अंबरनाथला जाऊन परत आले, सगळी माणसं यांच्यासाठी जेवायची थांबली होती." ही गोष्ट तो जिथे जातो तिथे सांगतो, असे बायको म्हणते. दर वेळी ट्रक थोडा मोठा होतो, ऊन वाढते, माणसे बावीसची चाळीस होतात. मला जायला-यायला वेळ किती लागला, हे मात्र तो कधीच सांगत नाही.